पटाशी दुसऱ्याच्या हाती देताना

भिलाईत कुणाला ‘मी टर्नर आहे’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘कुठल्या शॉपला?’ विचारणाऱ्याचं काही चूक नाही. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तेव्हापासून या शहरात लेथ म्हणजे लोखंड कातायचा लेथ. मी लाकूड कातणारा. कोहक्याच्या पुढे कुरुदला आमची पत्र्याची शेड आहे. (धमतरीकडचं कुरुद वेगळं. पत्ता सांगताना हे आधी सांगावं लागतं.) बाजेचे पाय, पाळण्याचे दांडे, जिन्याचे कठडे, तबल्याची खोडं, लाटणी यांवर घर चाललं. आमचं मूळ वर्ध्याकडचं. कारखाना उभा राहत होता तेव्हा विदर्भातून जी कुटुंबं इकडे आली, त्यांतलंच आमचं एक. शिकवायचं असं कधी ठरवलेलं नव्हतं. शेडच्या दाराशी उभं राहून बघणारी पोरं हळूहळू आत आली, त्यांच्यामागून त्यांचे मित्र आले, मग आयटीआय केलेले, मग बचत गटातल्या बायका. त्यांना शिकवताना मला जे उमगलं ते लिहितो आहे.

१. हाताला येतं ते तोंडानं सांगता येईलच असं नाही. एकदा गोल पटाशीनं दांड्यावर मणी काढून दाखवत होतो. एक मुलगी म्हणाली, ‘सर, दाब कुठे सोडायचा हे तुम्हाला कसं कळतं?’ मी उत्तर द्यायला गेलो आणि थांबलो. माझ्याकडे उत्तर नव्हतं, नुसती सवय होती. सगळे घरी गेल्यावर लेथ पुन्हा सुरू केला आणि स्वतःकडे पाहत एकेक मणी सावकाश काढला. तेव्हा दिसलं की दाब मी सोडतच नाही. उजव्या हातातली मूठ पिळली जाते, धार उताराकडे वळते, आणि त्याच वेळी अंगाचं वजन डाव्या पावलावरून उजव्या पावलावर जातं. कोपर कमरेला टेकलेलं असतं, ते जागचं हलत नाही. मणी पायांनी निघत होता. आता नव्या विद्यार्थ्याला मी लेथ बंद ठेवूनच उभं करतो. पटाशी टेकणावर ठेवायची, कोपर कमरेला लावायचं आणि नुसतं एका पायावरून दुसऱ्या पायावर जायचं. बघणाऱ्याला हे विचित्र दिसतं, मुलं एकमेकांकडे बघून हसतात. पण जो हे मन लावून करतो त्याचा मणी लवकर गोल येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्या मुलीनं तो प्रश्न विचारला नसता तर मी आजही नुसतं ‘हळू, हळू’ म्हणत राहिलो असतो.

२. चूक डोळ्यांना दिसते तोवर ती होऊन गेलेली असते. कानाला ती आधी कळते. धार नीट असेल तर लाकडातून एकसारखा सळसळता आवाज येतो आणि लांब साल निघते. धार गेली की आवाज कोरडा, खरवडल्यासारखा होतो आणि सालीच्या जागी भुसा पडू लागतो. प्रत्येक फेरीला एकदा ‘टक्’ वाजलं तर कुठेतरी चीर आहे, ताबडतोब थांबायचं. लांब, बारीक दांडा मधोमध थरथरायला लागला की गुरगुरतो, आणि दांड्यावर पिळासारख्या रेघा उमटतात. हे सगळं मी फळ्यावर लिहून देत असे. मग एक मुलगा आला, तो पंडवानीच्या मंडळीत तबल्याला बसायचा. पंडवानी गायिका तीजनबाईंचं गाव गनियारी इथून फार लांब नाही, या भागात पंडवानी घराघरांत ऐकली जाते. तबल्याचं खोड पोखरताना भिंत पातळ होत जाते तसा स्वर बदलतो, हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. कंपास न लावता तो जाडी सांगायचा, आणि मी कंपास लावून पाहिला की फारसा फरक नसायचा. मी हे काम त्याच्या आधीपासून करत आलो, पण माझा कान त्याच्याइतका तयार नाही, हे मला मान्य आहे. त्याच्यामुळे मी एक पाठ सुरू केला. मुलांनी माझ्याकडे पाठ करून उभं राहायचं, मी कातत राहणार, आणि धार गेली असं वाटलं की हात वर करायचा. इयरफोन लावून लेथवर उभं राहायला माझ्या शेडमध्ये बंदी आहे. त्यामागे सुरक्षा आहेच, पण अर्धं शिक्षण कानातून आत जातं, हे कारण मला त्याहून मोठं वाटतं.

३. शिकण्याचा निम्मा वेळ लेथवर जात नाही, सहाणेवर जातो. साली उडवायला आलेल्या मुलाला आधी धार लावायला बसवलं की त्याचं तोंड उतरतं. पण बोथट पटाशीला जोर लागतो, जोरानं ती लाकडात घुसते, लाकूड तिला धरतं आणि हाताला हिसका बसतो. बहुतेक भीती तिथून सुरू होते. दांड्याच्या कामाच्या गोल पटाशीला साधारण ३५ अंशांचा उतार लागतो, वाडग्याच्या पटाशीला ४० ते ४५. आकडे पाठ होतात, नजर बसायला वेळ लागतो. धार उजेडात धरायची: कडेवर चमक दिसली तर ती बोथट, कारण खऱ्या धारेवर उजेड पडायला जागाच नसते. साध्या कार्बन पोलादाची पटाशी घासताना निळी पडली की तिचं पाणी उतरलं. हायस्पीड स्टीलची तेवढी नाजूक नसते, पण महाग असते. आणि जुन्या कानशी घासून पटाशा करायची जी रीत आहे, तिला माझा विरोध आहे. कानस कडक असते तशीच ठिसूळ असते. लाकडानं धरली तर तुटून तिचा तुकडा उडतो. पैसे वाचतात हे खरं, पण डोळा एवढा स्वस्त नाही.

४. लोखंडावरून लाकडाकडे आलेला विद्यार्थी कोऱ्या हातानं येत नाही, आणि ते बरंच आहे. आयटीआयचा टर्नर दोन वर्षं शिकून येतो. तिथे हत्यार टूलपोस्टमध्ये घट्ट आवळलेलं असतं आणि चाक फिरवलं की ते सरकतं. इथे तेच हत्यार नुसत्या टेकणावर असतं, त्याला आवळून धरणारं काहीच नाही. पहिले काही दिवस ही मुलं पटाशी इतकी घट्ट धरतात की बोटं पांढरी पडतात. शिवाय त्यांना माप मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत हवं असतं. एकानं बाजेचे पाय असे कातले की व्हर्नियर लावला तरी फरक सापडेना. पुढे पाऊस लागला, लाकडानं हवेतली ओल घेतली आणि प्रत्येक पाय आपापल्या वाटेनं फुगला. तो खिन्न झाला. मी त्याला म्हटलं, लाकूड झाड होतं तेव्हाही पाणी घेतच होतं, ती सवय त्याची सुटलेली नाही. पण याच मुलांनी माझ्या शेडला शिस्त लावली. माझ्या लेथचं डोकं आणि शेपटाकडचं टोक समोरासमोर येत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि पातळ पत्रे घालून तो सरळ केला. एकाच मापाचे नग काढायचे तर प्रत्येक वेळी मोजत बसायचं नाही, पत्र्याचा खाचदार साचा करून लावून बघायचा, हेही त्यांच्याकडून आलं. आता जिन्याच्या कठड्याचं काम आलं की मी आधी साचा करतो.

५. पहिली वस्तू भोवराच असावी. या मताला मी खूप उशिरा आलो, आणि आता त्यावरून हलणार नाही. इतर ठिकाणी लाटण्यापासून किंवा वाडग्यापासून सुरुवात करतात. लाटणं वाकडं झालं तरी त्यानं पोळी लाटली जाते, आणि मग मला सांगावं लागतं की इथे फुगलं आहे, तिथे खोल गेलं आहे. मी सांगतो, विद्यार्थी मान डोलावतो, आणि त्याच्या डोळ्यांत दिसतं की हे त्याला पटलेलं नाही. भोवऱ्याला परीक्षक लागत नाही. जाळी गुंडाळली, जमिनीवर टाकला, की तो स्वतःच सांगतो.

छत्तीसगढात भोवऱ्याला भौंरा म्हणतात, आणि इथल्या मुलांना तो अजून माहीत आहे. राज्य सरकारनं २०२२ मध्ये छत्तीसगढिया ऑलिम्पिक भरवलं, त्यात गेडी, पिट्ठुल यांच्याबरोबर भौंराही होता. त्यामुळे शेडबाहेर गल्लीत परीक्षा घेणारे तयारच असतात. विद्यार्थी कातलेला भोवरा घेऊन बाहेर जातो आणि दहा-बारा वर्षांची पोरं तो हातात घेऊन बघतात. एकानं एका पदवीधर विद्यार्थ्याचा भोवरा एकदाच टाकला आणि परत देत एवढंच म्हणाला, ‘डोलत हे.’ तो विद्यार्थी निमूटपणे आत आला आणि त्यानं नवा ओंडका लावला. मी तेच वाक्य बोललो असतो तर त्यानं वाद घातला असता.

या एवढ्याशा वस्तूत सगळा धडा मावतो. आर मध्यापासून केसभर सरकली की भोवरा डुलतो, म्हणजे मध्य काढायला शिकावं लागतं. भोवरा उंच केला तर लवकर कलंडतो. खांदा रुंद ठेवला आणि वजन खाली आणलं तर जास्त वेळ फिरतो, म्हणजे आकाराचा विचार करावा लागतो. आणि खरी गंमत पुढे आहे. कंपासानं मोजून अगदी गोल असलेला भोवरासुद्धा डुलतो, जर त्याच्या एका बाजूला गाभ्याचं जड लाकूड आणि दुसऱ्या बाजूला सालीजवळचं हलकं लाकूड आलं असेल. बाहेरून गोल असणं आणि आतून समतोल असणं या वेगळ्या गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्याच्या ध्यानात येतं तेव्हा तो पहिल्यांदा लाकडाच्या चेहऱ्याकडे नीट बघतो. वलयं कुठे दाट आहेत, रंग कुठे बदलतो, गाठ कुठे दडली आहे. त्या दिवसापासून तो ओंडका निवडायला वेळ घेतो. मला तेवढंच हवं असतं.

६. लाकडाच्या वेळेपुढे माझं वेळापत्रक चालत नाही. रस्ता रुंद करताना पडलेला शिरीष, कुणाच्या अंगणातला आंबा, कडुनिंब असे ओले ओंडके आमच्याकडे येतात. ओलं लाकूड लोण्यासारखं कातलं जातं आणि मुलं खूश होतात. पण वाळताना लाकूड वलयांच्या दिशेनं जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्याकडून सालीकडे आक्रसतं, आणि लांबीत जवळपास नाहीच. त्यामुळे आज गोल कातलेला वाडगा महिन्यानं लंबगोल झालेला असतो. म्हणून तो दोनदा कातायचा. पहिल्यांदा भिंत रुंदीच्या दहाव्या भागाएवढी जाड ठेवायची, आडव्या कापलेल्या भागांना मेण फासायचं, वाडगा त्याच्याच भुशात घालून कागदी पिशवीत सावलीला ठेवायचा. वर पेन्सिलीनं तारीख आणि वजन. दर आठवड्याला वजन करायचं, आणि ते उतरायचं थांबलं की लाकूड वाळलं. भिलाईच्या वैशाखात पिशवी उघडी राहिली तर एका रात्रीत चीर जाते. ज्याला आठवड्याभरात वाडगा घरी न्यायचा होता त्याला हे जड जातं, आणि काही जण मधेच सोडून जातात. पण कुणीही न सांगता जो दर आठवड्याला येऊन आपला वाडगा तोलून, आकडा लिहून जातो, त्याला पुढे मी कुठलंही लाकूड विश्वासानं देतो. हळदू द्यायला मला सगळ्यांत आवडतं. बारीक पोताचं, पिवळसर, शिकाऊ हाताला सांभाळून घेणारं. साल मात्र राज्याचा वृक्ष असला तरी सुरुवातीला देत नाही. त्याच्या शिरा एकमेकींत अडकलेल्या असतात. बीजाचे पेले कातायला मुलांना आवडतं, कारण त्यात रात्रभर ठेवलेलं पाणी सकाळी तांबूस-पिवळं होतं. लोक ते मधुमेहासाठी म्हणून नेतात. आपण पेला विकतो, औषध विकत नाही, आणि डॉक्टरांच्या गोळ्या सुरूच ठेवा असं गिऱ्हाइकाला सांगायचं, हा आमच्याकडचा नियम आहे.

७. लेथची उंची कुणाला शिकता येईल हे ठरवते. फिरत्या लाकडाचा मध्य उभ्या माणसाच्या कोपराएवढा असावा. आमचा लेथ माझ्या वडिलांच्या कोपराला बेतलेला. बचत गटातली एक ताई शिकायला आली तेव्हा तिला खांदे उचलून काम करावं लागे, तासाभरात मान भरून यायची. बाहेरची माणसं म्हणायची, बायकांचं हे काम नव्हे. आम्ही तिच्यासाठी फळ्यांचा एक ओटा केला, एवढंच. त्यानंतर कुणी काही म्हणालं नाही. पण मला जे मिळालं ते वेगळंच होतं. तिनं लाटणी कातायला घेतली आणि माझा साचा बाजूला ठेवला. ‘काका, तुमचं लाटणं मधे फार फुगतं. पोळीच्या कडा जाड राहतात.’ तिनं मधला फुगवटा कमी केला, दोन्ही टोकांकडे उतार लांब आणि हलका ठेवला. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लाटणी कातली गेली. ती कातणाऱ्यांपैकी कुणीही रोज पोळ्या लाटत नव्हतं. आता शेडमधून जाणारी सगळी लाटणी तिच्या साच्याची असतात.

८. निडर मुलाला हिशेब शिकवावा लागतो आणि भित्र्या मुलाला स्विच. २० सेंटिमीटर रुंदीचा वाडगा मिनिटाला १००० फेऱ्यांनी फिरत असेल तर त्याची कड ताशी सुमारे ३८ किलोमीटरनं धावते. हा गुणाकार मी निडर मुलाकडून फळ्यावर करून घेतो, मग तो लेथ सुरू करण्याआधी समोरून बाजूला सरकतो. भित्र्या मुलाला पहिल्या दिवशी फक्त बंद करायला शिकवतो, हात न सोडता, मांडीनं. मग पट्टा काढून ठेवतो आणि चाक मी हातानं फिरवतो. त्यानं पटाशी धरायची. लेथचं आपल्याला ठाऊक असलेलं सर्वांत जुनं चित्र इजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यात आहे, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराचं. त्यात एक जण दोरी ओढतो आहे आणि दुसऱ्याच्या हाती हत्यार आहे. हे काम मुळात दोघांनी मिळून करायचं होतं. पुढे कातारी एकटा पडला. मी चाक फिरवत असतो तेव्हा विद्यार्थ्याला काय जाणवतं आहे ते मला चाकातून कळतं. पटाशी खोल गेली की माझ्या हाताला जड लागतं. दोघांनाही एकाच वेळी कळतं, बोलावं लागत नाही. शिकवण्याची याहून चांगली रीत मला सापडलेली नाही.

हातमोजे, ओढणी, सैल बाही, मनगटावरचा गंडा चालत नाही, इथे मी कुणाचं ऐकत नाही. धुळीच्या बाबतीत तर मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली. आमच्या धंद्यातली जुनी माणसं खोकत खोकत गेली आणि आम्ही त्याला वय म्हणालो. मास्क न लावणाऱ्याला मी घरी पाठवतो, मग तो कितीही चांगलं कातत असो.

९. कातून झालं म्हणजे वस्तू झाली असं नाही. हे मला सावंतवाडीच्या चितारआळीत जाऊन समजलं. तिथली लाकडी फळं आधी लेथवर आकार घेतात, आणि मग रंगणाऱ्याच्या हातात त्यांचा आंबा, पेरू, काजू होतो. कर्नाटकात चन्नपट्टणला लेथवर फिरत असलेल्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून लाकडाला बसते आणि केवड्याच्या पानानं ती पसरवून चकचकीत करतात. गंमत म्हणजे ती लाख आपल्याकडची. छत्तीसगढ आणि झारखंड देशाला लाख पुरवतात. पळसावर, बोरीवर आणि कुसुमाच्या झाडावर इथे लाखेचे किडे पोसले जातात. माझ्याकडे कांकेरकडचा एक मुलगा शिकत होता. त्याच्या घरी कुसुमाच्या फांद्यांवरून लाख खरवडून किलोवर व्यापाऱ्याला देतात. लाख पुढे कुठे जाते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मी त्याच्या हातात तांबडी कांडी दिली आणि फिरत्या हळदूवर टेकवायला सांगितली. क्षणभर काहीच झालं नाही. मग कांडीचं टोक ओलं दिसू लागलं, तांबडा पट्टा लाकडावर सरकत गेला आणि शेडमध्ये लाखेचा गोडसर वास सुटला. त्यानं लेथ बंद केला, बोट लावून पाहिलं, आणि पुन्हा सुरू केला. पुढच्या खेपेला तो घरून स्वतःची लाख घेऊन आला. केवडा इथे सहजी मिळत नाही म्हणून आता तो शिंदीच्या पानावर प्रयोग करतो आहे. अजून चन्नपट्टणसारखी चमक येत नाही, पण तो सोडत नाही.

१०. विद्यार्थ्यानं कातलेलं विकावं का, यावर माझं मत ठाम व्हायला वेळ लागला. मी वर्ध्याकडचा, त्यामुळे नई तालीमचं नाव घरात लहानपणापासून ऐकलेलं. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली, आणि हस्तोद्योगातून शिक्षण द्यावं हा विचार देशापुढे आला. मुलांच्या कामातून शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा होती, आणि त्यावर तेव्हाही खूप वाद झाला. माझ्या शेडपुरतं मी असं ठरवलं आहे: शिकत असलेल्याची वस्तू विकली जावी, कारण गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं तेव्हा शेवटचा पॉलिश पेपर का मारायचा ते कळतं, पण नग मोजायला लावू नयेत, आणि पैसे विद्यार्थ्याला मिळावेत. नग मोजायला लागलं की हात जे येतं तेच पुन्हा पुन्हा करतो, नवीन काही शिकत नाही. शेडचं भाडं आणि विजेचं बिल माझ्या कामातून निघतं. ज्या महिन्यात ते ओढाताणीनं निघतं त्या महिन्यातही मी हा नियम मोडलेला नाही, याचं मला समाधान आहे. शिकलेल्यांतले फार थोडे या धंद्यात राहिले. बाकीचे प्लांटला, दुकानात, रायपूरला नोकरीला. प्लास्टिकच्या लाटण्याशी आणि संगणकावर चालणाऱ्या लेथशी किमतीत कुणाला टिकता येत नाही, हे मी त्यांच्यापासून लपवत नाही. तरी ते येतात, सुटीच्या दिवशी सुद्धा.

११. विद्यार्थी आपली रीत बदलतो तेव्हा ती नीट बघावी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपूरकडे तान्हा पोळा असतो, मुलं चाकांवरचे लाकडी बैल सजवून मिरवतात. इथे पोळ्याच्याच अमावास्येला पोरा असतो आणि मुलांच्या हाती नांदिया बैल येतो. दोन्हीकडून चाकांची मागणी येते, त्यामुळे आषाढापासून आमच्याकडे चाकंच चाकं. आमची पिढीजात रीत अशी: गोल दांडा कातायचा आणि त्याच्या चकत्या पाडायच्या. काम भराभर होतं. पण अशा चकतीच्या मधोमध गाभा येतो, आणि वाळताना कडेपासून गाभ्यापर्यंत चीर जाते. दरवर्षी त्यातली बरीच चाकं चुलीत जायची, आणि हे असंच असतं असं आम्ही धरून चाललो होतो. एका मुलानं चकत्या पाडणं बंद केलं. त्यानं वाळलेल्या फळीचे चौकोनी तुकडे केले, प्रत्येकाला मधोमध भोक पाडलं, सगळे एका लांब बोल्टवर ओवून नटानं आवळले आणि बोल्टसकट लेथवर चढवले. एका दमात सगळी चाकं एका मापाची, भोक आपोआप मध्यावर, आणि फळीत गाभा नसल्यामुळे चीर नाही. मी त्यातली काही पावसाळाभर शेडच्या दारात टांगून ठेवली, एकही फुटलं नाही. या वर्षी चाकांचा वर्ग तोच घेणार आहे. फळ्या कुठल्या लाकडाच्या घ्यायच्या ते त्यानं मला विचारलं आहे; मी खम्हार सुचवली, तो आंबा म्हणतो आहे, कारण खम्हारची फळी महाग पडते. दोन्हीची चाकं करून बघायचं ठरलं आहे.